तिसऱ्या पट्ट्याचं नाव

"आता एक शेतकरी करून दाखव," साहेब म्हणाले. "अस्सल पाहिजे. मग बघू तुझ्या बापाचं काम."

सरकारी कचेरी. डोक्यावर पंखा. साहेब खुर्चीत, बाजूला भोपाळहून आलेले दोन पाहुणे. टेबलावर चहा, बशीत बिस्किटं. मी टेबलासमोर उभा. माझ्या चपला दाराबाहेर. माझा बापही दाराबाहेर, चपलांजवळ, उकिडवा.

तोवर माझ्या बऱ्याच नकला झाल्या होत्या. कापड मिलचा भोंगा झाला. इतवारा बाजारातला जर्देवाला चाचा झाला, गिऱ्हाईक समोर असताना गोड आणि पाठ फिरली की शिव्या देणारा. पान चघळत सही करणारे तहसीलदार झाले. पाहुणे रुमालानं डोळे पुसत होते. "क्या लड़का है साहब! पूरा बुरहानपुर पेट में लेके घूमता है!" मला मजा येत होती. खोटं कशाला बोलू? चढलो होतो मी.

आन् साहेब म्हणाले, शेतकरी.

शेतकरी म्हटल्यावर मला दुसरा कोण आठवणार? जन्मापासून एकच पाहिलेला, समोर बसून जेवणारा. मी डोक्यावर नसलेली टोपी काढली, परत घातली, परत काढली. घसा खाकरला. थांबलो. अजून एकदा खाकरला. हात जोडले, पण पुरते नाही, अर्धे, जसं मुठीत पाखरू धरलंय. मान खाली. आन् म्हणालो, "मी काय म्हन्तो सायेब… म्हंजे रागाऊ नोका… गरिबाचं आपलं एक इचारनं हाय…"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. कपातला चहा बशीत सांडला. "अहो हेच! असंच! सगळेच्या सगळे असंच बोलतात!"

दार उघडं होतं. मी वळून पाहिलं.

आपल्याला आत बोलावणार असं वाटून बाप उठून उभा राहिला होता. टोपी नीट करायला हात वर नेला होता. तो हात तिथंच राहिला होता.

"घे, बिस्कीट घे," साहेब म्हणाले.

मी घेतलं. खाल्लं. गोड होतं. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते, की ते गोड लागलं.

मग साहेबांनी बापाला आत बोलावलं. बाप उंबऱ्याच्या आत एक पाऊल आला. टोपी काढली. घसा खाकरला. थांबला. परत खाकरला.

पाहुण्याच्या नाकातोंडातून चहा बाहेर आला, इतका तो हसला.

"मी काय म्हन्तो सायेब…" बाप म्हणाला.

दुसरा पाहुणा पण हसत सुटला. साहेब तोंडावर हात धरून खिडकीकडे वळले. खांदे हलत होते. माझा बाप मध्येच थांबून सगळ्यांकडे पाहायला लागला. नक्कल आधी झाली होती, अस्सल माणूस नंतर आला. त्याला त्याच्याच आवाजात बोलायची जागा मी ठेवली नव्हती.

आता काम काय होतं ते सांगतो.

आम्ही जसोंडीचे. तापीच्या काठचं काळं वावर, त्यात कापूस. ते दिवस राज्यं जुळवायचे होते. राजधानीचं नागपूर आमच्यापासून सुटलं, भोपाळ आलं. शाळेत गुरुजींनी जुना नकाशा काढून नवा लावला, खिळा मात्र तोच. माझी माय रावेरकडची. ते तिकडच्या राज्यात राहिलं. माय म्हणायची, "माह्यं माहेर परमुलखातच राह्यलं बाप्पा, आन् मी इथं बसली." शाळेत आम्हाला सांगायचे, आता सगळे एक झालो. मी त्याचीही नक्कल करायचो. गॅदरिंगला एकदा नवा नकाशाच झालो होतो, हातपाय चारी दिशेला ताणून. तिथंच साहेबांनी मला पाहिलं होतं. मॅट्रिक मी कसाबसा झालो, पण नकलाकार म्हणून एकदम पास.

कचेरीत गेलो त्याच्या आधल्या सालापासून आमच्या वावरात मर लागली होती. मर म्हंजे कापसाचा रोग. चांगलं कमरेएवढं झाड, सकाळी हिरवं, चार दिवसांत मान टाकतं. उपटून पाहिलं तर आत बुंधा काळा. बाप त्या झाडांपुढं उभा राहायचा तसा कोणाच्या मयतीलाही उभा राहत नसे.

मग साहेब आले. जीपमधून. म्हणाले, सरकार या रोगावर संशोधन करतंय, तुमच्या वावरात प्रयोग करू द्या. बापाला केवढा आनंद. सरकार आपल्या बांधावर आलं! त्यांनी चार पट्टे आखले, चार पट्ट्यांत चार बियाणी पेरली. प्रत्येक पट्ट्याला खुंटी, खुंटीवर पत्रा, पत्र्यावर नंबर. एक, दोन, तीन, चार. बियाण्याचं नाव कुठंच नाही. बापानं विचारलं तर म्हणाले, "नाव कळलं तर तुम्ही लाडाच्या पट्ट्याला जास्त पाणी द्याल." बरोबर आहे, बाप म्हणाला. शास्त्र आहे ते.

पट्टा एक मेला. दोन मेला. चार अर्धा मेला. तिसरा उभा राहिला. असा उभा राहिला की गावातली माणसं येऊन पाहून जायची. बाप त्याच्या बांधावर बसून भाकर खायचा.

आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी बायका वावरात सीतादही करतात. पाच खडे मांडायचे, दहीभात ठेवायचा, चांगली फुटलेली बोंडं वाहायची. तो कापूस मग घरात देवापाशी राहतो. मायनं तिसऱ्या पट्ट्याकडे हात नेला. बाप ओरडला, "हात नोको लावू! ते सरकारचं हाय. अमानत हाय आपल्यापाशी."

"अहो देवाले पाच बोंडं लागतात. सरकारपेक्षा देव लहान हाय का?"

"देव आपला हाय, समजून घीन. सरकार नवं हाय."

मायनं मेलेल्या पट्ट्यातली वाळकी बोंडं वाहिली. सरकारची माणसं आली, तिसऱ्या पट्ट्याचं बोंड न् बोंड वेचून, तोलून, पोत्यात भरून घेऊन गेली. वावरात एक सरकी उरली नाही. बाकी कोणीही पदरात मूठभर बांधून ठेवली असती. आमच्यात अमानतीला हात लावत नाहीत. पिकलं आमच्या मातीत, पण बापाच्या लेखी ते परक्याची लेक होतं, जपून सासरी लावायची.

म्हणून आम्ही फागुनात कचेरीत गेलो होतो. एवढंच विचारायला की तिसऱ्या पट्ट्याच्या बियाण्याचं नाव काय. इतवाऱ्यातल्या सरकारी बियाणं भांडारात पोत्यांवर नावं होती. आमच्याकडे नंबर होता. नंबर वावरात, नाव त्यांच्या कपाटात. नाव कळलं असतं तर पेरणीआधी बाप भांडारात उभा राहिला असता. नाही कळलं तर परत तेच घरचं बियाणं, परत मर.

साहेबांना तीन भाषा यायच्या. इंग्रजी कामाला, हिंदी पाहुण्यांना, आणि मराठी आम्हाला नाही म्हणायला. ते नागपूरकडचेच होते. मराठी फार शुद्ध.

"हे पहा," ते डोळे पुसत म्हणाले. "प्रयोग शासनाचा आहे. निष्कर्षही शासनाचे. जुनी कागदपत्रं नागपूरला आहेत, नवी भोपाळला जाणार. अहवाल इंग्रजीत छापून येईल. तुम्हाला काय वाचायचंय त्यात?"

"वाचत नाई सायेब. नाव तेवढं आयकतो."

पाहुणा परत फुटला.

"नियमात नाही," साहेब म्हणाले. आन् मला, "तू मात्र येत जा रे. तू कामाचा आहेस."

घरी येताना बाप पुढं, मी मागं. गाव दिसायला लागलं. वडाजवळ तो थांबला. माझ्याकडे वळला नाही.

"चांगला करतो रे तू मले," म्हणाला.

आन् चालायला लागला.

मारलं असतं तर बरं झालं असतं. मार मला पचतो, शाळेत भरपूर खाल्लाय. हे पचलं नाही.

त्या दिवसापासून बापानं खाकरणं सोडलं. घशात काही आलं की गिळायचा. माझ्यासमोर बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. बैलांशी बोलायचा, पण मी गोठ्यात शिरलो की तेही बंद. माय म्हणाली, "काहून हो, जीभ कचेरीत इसरून आले का?" मी भाकर तशीच ठेवून उठलो. मायनं आम्हा दोघांकडे पाहिलं, मग विचारलं नाही.

गावातली पोरं पारावर म्हणायची, "भो, काही कर ना, तुह्या आबाची कर ना, ती लई भारी." म्हंजे ही नक्कल मी कचेरीत पहिल्यांदा केली नव्हती. पारावर कितीदा केली होती. तिथं बाप पण हसायचा. म्हणायचा, "हरामखोर, बापाले इकून खाशीन एक दिवस." आमच्या पारावर ती थट्टा होती. त्याच हातवाऱ्यांचा, त्याच शब्दांचा साहेबांच्या टेबलासमोर पुरावा झाला. असंच बोलतात सगळे. मला तोपर्यंत वाटायचं नक्कल म्हंजे नक्कल, कुठंही करा. तसं नसतं. हसणारा खुर्चीवर बसलाय की तुमच्या शेजारी मातीत, त्यावर सगळं असतं.

चैत्रात उकिरडा उपसला. खत मुरलं होतं, काळंभोर. मर लागलेल्या पऱ्हाट्या, म्हंजे कापसाची वाळली खोडं, बापानं फेकून दिली नव्हती. बारीक तोडून उकिरड्यात टाकली होती. फुकट कशाला घालवायचं, सडून खत होईल. आमच्याकडे सगळे तसंच करतात, काडी वाया गेली तरी जीव चुकचुकतो. ते खत आम्ही गाडीनं वरच्या वावरात नेऊन पसरलं. वरच्या वावरात मर नव्हती. बापाची सगळी आशा त्या तुकड्यावर होती. मी गाडी हाकली, बापानं फावड्यानं पसरलं.

वैशाखात चपराशी सायकलवर आला. सरकारी फार्मवर शेतकरी मेळावा, दिल्लीचे मोठे साहेब येणार, गावागावातून माणसं यायला पाहिजेत. बापाला चिठ्ठी होती. मला तोंडी निरोप होता. "आखिर में तेरा आयटम है. साहब ने बोला, वो किसान वाला जरूर करना."

"मी नाही जात," मी घरी म्हणालो.

बाप दावं वळत होता. वर न पाहता म्हणाला, "सरकारनं बोलावलं त जा लागते."

तो गेला म्हणून मी गेलो. ठरवलं होतं, भोंगा करीन, चाचा करीन, शेतकरी करणार नाही. पोट दुखतंय म्हणीन. एवढंच ठरवलं होतं. लई मोठं बंड वगैरे डोक्यात नव्हतं, उगीच कशाला फुशारकी मारू.

मांडव होता. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या. जसोंडीचे, पार लांबच्या डोईफोडिया गावचे शेतकरी सतरंजीवर. मला खुर्च्यांच्या बाजूला चहाच्या टेबलापाशी उभं केलं होतं, आयटम म्हणून. साहेब उठले. चष्मा काढला, टायनं पुसला, लावला. कागदाला बोटानं टकटक केलं आन् इंग्रजीत वाचायला लागले.

माझं इंग्रजी म्हंजे लंगड्या बैलाची गाडी. पण माझे कान चांगले आहेत. माणूस एकदा बोलला की त्याचा सूर माझ्या गळ्यात बसतो, अर्थ मागून येतो. साहेब सावकाश वाचत होते, दिल्लीवाल्यांना कळावं म्हणून महत्त्वाचं वाक्य दोनदा. मी सवयीनं ओठातल्या ओठात त्यांच्या मागं म्हणत होतो. चेष्टा म्हणूनच.

प्लॉट नंबर थ्री. तापी सेव्हन्टीन.

माझे ओठ थांबले.

तापी सतरा. नाव. भर मांडवात, शेतकऱ्यांच्या डोक्यावरून, त्यांनी नाव सांगून टाकलं होतं. कोणाला कळणार नाही याची एवढी खात्री.

मग मी नीट ऐकलं. सगळं नाही कळलं. जे कळलं ते सांगतो. हे संशोधन कापसाच्या गठाणीमागं जी पट्टी, म्हंजे कर, सरकार घेतं त्या पैशातून झालं. म्हंजे कापूस पिकवणाऱ्यांच्याच. मर लागलेली झाडं उपटून जाळावीत, बर्न्ट, बर्न्ट, दोनदा म्हणाले. नेव्हर इन द मॅन्युअर पिट. हे मला तिथल्या तिथं कळलं, शेतीच्या धड्यात चित्र होतं, खड्डा काढलेला. उकिरड्यात कधीच नाही. रोग खतातून जातो.

आन् शेवटी, द कल्टिवेटर इज इग्नोरंट. हा शब्द मला पाठ होता. इंग्रजीच्या गुरुजींनी तो माझ्यावरच घासून घासून शिकवला होता.

खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. सतरंजीनंही वाजवल्या. माझ्या बापानं वाजवल्या, दोन्ही हात वर धरून, मनापासून. सरकारचं चांगलं झालं असेल म्हणून.

प्रयोग फागुनाआधीच संपला होता, म्हंजे हे साहेबांना तेव्हाच माहीत होतं. फागुनात खत उकिरड्यातच होतं. त्या दिवशी बिस्किटाऐवजी एक वाक्य दिलं असतं, खत टाकू नका, एवढंच, तर वरचं वावर वाचलं असतं. वाक्य त्यांनी ठेवून घेतलं. बिस्कीट दिलं. आन् मी खाल्लं.

"अब हमारा बुरहानपुर का कलाकार!" साहेब म्हणाले. "ये आपको असली किसान दिखाएगा!"

मी पुढं गेलो. मी चष्मा काढला. नसलेला. टायनं पुसला. लावला. हवेतल्या कागदाला टकटक केलं.

खुर्च्या हसल्या. साहेब पण हसले, बोट हलवत, बदमाश म्हणत.

मी साहेबांच्या आवाजात वाचायला लागलो. जे त्यांनी वाचलं तेच, तसंच, तोच सूर, तोच ठेका. प्लॉट नंबर थ्री, तापी सेव्हन्टीन. दिल्लीचे साहेब टाळी वाजवून म्हणाले, "वंडरफुल!" मी मॅन्युअर पिटपर्यंत आलो. थांबलो. सतरंजीकडे वळलो.

टोपी काढली. घसा खाकरला. थांबलो. परत खाकरला.

सतरंजीवर मला बाप दिसला. त्यानं मान खाली घातली होती. त्याला वाटलं, परत.

"मी काय म्हन्तो सायेब," मी बापाच्या आवाजात म्हणालो. "म्हंजे काय? आमच्या बोलीत सांगा."

खुर्च्या हसत होत्या. सतरंजी हसली नाही.

मग मी माझ्या आवाजात आलो. माझा आवाज बारीक आहे, फाटतो. कोणाची नक्कल नसली की मला बोलताच येत नाही नीट. तरी बोललो. "तिसऱ्या पट्ट्याचं नाव तापी सतरा. मर लागलेल्या पऱ्हाट्या जाळायच्या. उकिरड्यात टाकायच्या नाहीत. मर खतातून पसरते. हे सगळं आपल्याच कापसाच्या पट्टीच्या पैशातून शोधलंय. आन् शेवटी त्यांनी म्हटलं, शेतकरी अडाणी हाय. त्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या."

मग माझा बाप उठला.

"उकिरड्यात नाई?" त्यानं मला विचारलं. फागुनानंतर तो पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलत होता. आन् हे बोलत होता.

"नाही आबा."

"आपन त वरच्या वावरात…"

"हो आबा."

तो साहेबांकडे वळला. टोपीला हात लावला नाही. "सायेब. आमी फागुनात आल्तो. तवा तुमाले ठाऊक व्हतं?"

साहेब दिल्लीवाल्यांकडे बघत म्हणाले, "अहवाल तेव्हा मंजूर झालेला नव्हता."

मागून डोईफोडियाचा एक म्हातारा ओरडला, "आमचं खत थांबलं का तुमच्या मंजुरीले?" मग सगळे बोलायला लागले. चपराश्यानं माझं बखोट धरलं. मांडवाबाहेर काढताना साहेब माझ्या कानाशी आले, शुद्ध मराठीत म्हणाले, "नकलाकार आहेस, नकला कर. हे विषय तुमच्या घरातले नाहीत."

आमच्याच वावरातले आहेत, हे मला वाटेत सुचलं. मोक्याला माझी जीभ परक्याचीच निघते.

कोणाला वाटेल की मग सगळं ठीक झालं. नाही झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही इतवाऱ्यातल्या भांडारात गेलो. "तापी सतरा?" भांडारवाला म्हणाला. "वो तो अभी बाँटने का ऑर्डर नहीं है. आपको नाम किसने बताया?" पाऊस पडल्यावर बापानं खालच्या, मर लागलेल्या वावरात ज्वारी पेरली. वरच्या वावरात, खत टाकून झालंच होतं, पण कापसाशिवाय पैसा दिसत नाही म्हणून, कापूस. पोळ्याच्या सुमाराला त्यातल्या एका झाडानं मान टाकली. मग त्याच्या शेजारच्यानं. बापानं ती उपटली, बांधावर नेली आणि जाळली. जळेपर्यंत उभा राहिला. मी काडी पेटवून दिली. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नव्हतो.

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले आणि खाकरला. जोरात. मायनं चुलीवरून वर पाहिलं.

"उद्या कचेरीत जाऊ," तो म्हणाला. "तू संगं चाल. पन तू बोलू नोको. मी बोलतो."

गेलो. तोच पंखा, तेच टेबल. या वेळी बापानं चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यावर थांबला नाही. टेबलासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसला. खुर्चीवर बसायची सवय नाही, टोकावरच बसला, पण बसला. टोपी डोक्यावर.

घसा खाकरला. थांबला. परत खाकरला.

"मी काय म्हन्तो सायेब."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भागीदाराकडे पाहतात तसं. आपण दोघं जाणतो ना, तसं. मी तोंड दगडाचं केलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड नक्कल. कोणाचीच नाही.

"आमच्या वावरात तुमी जे जे मोजलं," बाप म्हणाला, "जे जे तोललं, जे जे लिहून नेलं, ते आमाले आमच्या बोलीत वाचून दाखवा. समदं. आज नाई त उद्या येतो. उद्या नाई त परवा. गाव घिऊन येतो."

"कागद भोपाळला गेलेत."

"मंगावा."

पंखा फिरत राहिला. साहेबांनी घंटी वाजवली, चपराश्यानं चहा आणला. बिस्किटांची बशी आणली. साहेबांनी ती माझ्यापुढं सरकवली, हसून. "घे रे. तुला आवडतात."

अजून कागद आलेले नाहीत. आम्ही जातो. गावातली माणसं पाळीपाळीनं येतात, डोईफोडियाचा म्हातारा पण येतो. बाजाराच्या दिवशी मी इतवाऱ्यात उभा राहून साहेब करतो, चष्मा पुसून, टकटक करून, आणि त्यांच्या आवाजात ते सगळं सांगतो जे त्यांना सांगायचं नव्हतं. लोक हसतात आणि पऱ्हाट्या जाळतात. बापाची नक्कल मात्र करत नाही. कोणी कितीही म्हटलं, पारावरही नाही. तो आवाज मी एकदा विकलाय, आता तो ज्याचा त्याच्याकडेच राहील.

बशी पुढं आली त्या दिवशी बापानं मला बोलू नको म्हटलं होतं. तेवढी एक गोष्ट मी ऐकली नाही. बशी उचलली. साहेबांच्या बाजूला परत ठेवली. टेबलावर तेवढी जागा मोकळी झाली.

"इथं कागद ठेवा," मी म्हणालो. माझ्याच आवाजात. फाटला नाही.